आबासाहेबांचं फळवाटप

"सिस्टर, शहाळी खाली ठेवू नका. फरशीवर जंतू असतात," आबासाहेब म्हणाले.

शहाळी दुसऱ्या पलंगावर होती. शहाळी, मोसंब्यांच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे आणि कुणीतरी त्यांच्या अंगावर घालून गेलेली एक शाल. बाहेर माझ्या वॉर्डात एका कॉटवर दोन-दोन पेशंट झोपले होते, उरलेले खाली सतरंजीवर, आणि इथं शहाळ्यांना गादीसकट स्वतंत्र कॉट.

"हा पलंग पेशंटसाठी आहे, आबासाहेब."

"मग मी कोण आहे?" ते हसले. "घ्या ना, एक तुम्हीपण घ्या. उन्हाचं चांगलं असतं."

मी घेतलं नाही. मला रिटायर होऊन आता कितीतरी वर्षं झाली, पण त्या दिवसांनंतर आजतागायत मी शहाळं प्यायले नाही. नुसतं बघितलं तरी डोकं उठतं.

आबासाहेब इंगवले म्हणजे आमच्या गावातल्या सगळ्यात मोठ्या पतपेढीचे चेअरमन. पतपेढी बुडाली की बुडवली, ते कोर्ट ठरवणार होतं, पण ठेवीदारांनी पोलीस स्टेशनसमोर ठाण मांडलं तेव्हा आबासाहेबांना अटक झाली. पोलीस कोठडीत ते ठणठणीत होते. कोर्टानं जेलमध्ये पाठवायचा हुकूम काढला आणि कोर्टाच्या पायऱ्यांवरच त्यांच्या छातीत कळ आली. जेलचं दार बघायच्या आधीच ते आमच्या सिव्हिल हॉस्पिटलात दाखल झाले. माझ्या वॉर्डाच्या टोकाला कैदी पेशंटसाठी दोन कॉटची, गजांच्या खिडकीची एक खोली होती, तिथं. ईसीजी काढला, तो नॉर्मल. पुन्हा काढला, पुन्हा नॉर्मल. रक्त तपासलं, ते माझ्यापेक्षा चांगलं निघालं. मग आमच्या डॉ. आठल्यांनी केसपेपरवर 'निरीक्षणाखाली' असं लिहिलं आणि आबासाहेब मुक्कामाला राहिले. निरीक्षण कोण करत होतं म्हणाल, तर तेच आमचं करत होते. कुठली नर्स उशिरा आली, कुठल्या मावशीनं फरशी नीट पुसली नाही, सगळं त्यांना ठाऊक.

शहाळ्यांवरून आमचं बोलणं झालं त्याच दिवशी सकाळी जेलच्या गाडीतून नामदेव कुंभारकर ड्रेसिंगला आला. नामदेव त्याच पतपेढीचा पिग्मी एजंट. सायकलवरून दुकानोदुकानी फिरायचं, लोकांची रोजची चिल्लर बचत गोळा करायची आणि संध्याकाळी पतपेढीत भरायची, हे त्याचं काम. पावत्यांवर सही त्याची, म्हणून पोलिसांनी त्यालाही उचललं. तो मात्र कोठडीतून सरळ जेलमध्ये गेला, कारण त्याच्या छातीत काही कळ आली नाही. त्याला होती जुनी शुगर. जेलमध्ये पायाला काहीतरी लागलं, चिघळलं, आणि तिथल्या कंपाउंडरनं वरून मलम लावून दिवस काढले.

मी पट्टी सोडली. अंगठा काळा पडला होता.

"दुखतंय का रे, नामदेव?"

"नाही, सिस्टर. अजिबात नाही," तो अगदी समाधानानं म्हणाला. "आधी लई ठणकायचं. आता काहीच कळत नाही."

तीच तर वाईट गोष्ट होती. सर्जन मॅडमनी पाय बघितला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजच्या आज ॲडमिट करा. अंगठा काढू, पाय वाचेल. उशीर झाला तर मग माझ्या हातात काही नाही."

ॲडमिट करा म्हणणं सोपं. कैदी पेशंट ठेवायचा म्हणजे पहारा लागतो, आणि पहाऱ्याला मिळालेले हवालदार मोमीन आणि त्यांचा एक जोडीदार, दोघेही आबासाहेबांच्या दारात बसलेले. मी मोमीनना गाठलं.

"मोमीन, ही दुसरी कॉट रिकामीच आहे. नामदेवला इथंच ठेवू या. तुम्ही दाराशी आहातच."

"नाही चालायचं, सिस्टर. दोघं एकाच केसमधले आरोपी. एकत्र ठेवले तर पुराव्यात गडबड होईल, असा साहेबांचा हुकूम आहे."

"आणि दिवसभर आत जी माणसं येतात-जातात, फोन येतात, त्यानं नाही होत गडबड?"

"ते नातेवाईक."

"एवढे?"

"आबासाहेबांचा गोतावळा मोठा आहे," मोमीन म्हणाले.

"मग नामदेवला बाहेर वॉर्डात ठेवते. तुमच्यातला एक जण त्याच्याजवळ बसू दे."

"एका कैद्याला दोन माणसं, असा नियम आहे."

"आणखी दोन मागवा."

"मागितलीत. बंदोबस्ताला गेलीत म्हणे. मिळाली की येतील."

"म्हणजे आबासाहेब जेलमध्ये गेले, तरच नामदेवला कॉट मिळणार. असंच ना?"

मोमीन माणूस वाईट नव्हता. त्यांच्या घरचेही थोडे पैसे त्याच पतपेढीत अडकले होते, आणि तरी रोज सकाळी ते आबासाहेबांना पेपर आणून देत.

मी डॉ. आठल्यांकडे गेले. मी म्हटलं, "सर, इंगवल्यांना डिस्चार्ज द्या. त्यांना काही झालेलं नाही."

"सिस्टर, छातीत दुखतंय असं पेशंट म्हणतो. मी नाही कसं म्हणू? उद्या काही बरंवाईट झालं तर?"

"नामदेवचा अंगठा काळा पडलाय. त्याचं बरंवाईट व्हायला लागलंसुद्धा."

"त्याला रोज ड्रेसिंगला आणायला सांगितलंय ना?" ते फाइलवर सह्या करत म्हणाले. "तुम्ही नाही त्यात पडू नका. आपण सरकारी नोकर. वरून फोन येतात. तुम्हाला येतात का? मला येतात."

झालं. नामदेव रोज जेलच्या गाडीतून यायचा, मी ड्रेसिंग करायची, आणि तो परत जायचा. काळं अंगठ्यावरून शेजारच्या बोटावर आलं. त्याची बायको सुलभा रोज पायरीवर बसलेली असायची. आत सोडायचे नाहीत, म्हणून तो गाडीतून उतरून ड्रेसिंगच्या खोलीपर्यंत जाई तेवढंच त्याला बघायची.

"सिस्टर, पाय ऱ्हाईल का वो?" ती विचारायची. "सायकल चालवायची असती त्येंला."

"राहील. कॉट मिळू दे," मी म्हणायची. त्या वेळी मला ते खरं वाटत होतं.

आणि आबासाहेबांकडे माणसांची रीघ. त्यांचे नातेवाईक आले, कार्यकर्ते आले, त्याचं मला काही नाही. पण ठेवीदार यायला लागले. ज्यांचे पैसे बुडाले तेच पिशवीत मोसंबी घालून तब्येतीची चौकशी करायला. एके दिवशी तोडकर गुरुजी दिसले. रिटायर झाल्यावर मिळालेला सगळा फंड त्यांनी त्या पतपेढीत ठेवला होता. पोलीस स्टेशनसमोर उपोषणाला बसलेल्यांत ते पहिल्या रांगेत होते.

"गुरुजी, तुम्ही? इथं?"

"अहो, माणूस आजारी आहे. भेटायला नको का जायला?" गुरुजी म्हणाले. "भांडण आपल्या जागी, रीतभात आपल्या जागी."

"नामदेवपण आजारी आहे. तिकडं ड्रेसिंगला आलाय. त्याला भेटलात?"

गुरुजींचा चेहरा एकदम बदलला. "त्याचं नाव काढू नका. माझ्या ओट्यावर बसून चहा पिऊन पैसे नेलेत त्यानं. रोज." मग इकडं-तिकडं बघून हळूच म्हणाले, "आणि हे बघा सिस्टर, उद्या ठेवी परत द्यायला सुरुवात झाली, तर आबासाहेबांना आपलं नाव आठवायला हवं."

मी कपाळाला हात लावला. दुसरं काय करणार?

अशात आबासाहेबांचा वाढदिवस आला. सकाळी ड्युटीवर आले तर हॉस्पिटलच्या गेटवरच बॅनर. आबासाहेबांचा हात जोडलेला फोटो, खाली कार्यकर्त्यांचे छोटे-छोटे फोटो, आणि 'वाढदिवसानिमित्त रुग्णांना फळवाटप'. आवारात केळ्यांचा टेम्पो उभा. पुढाऱ्याचा वाढदिवस आला की सिव्हिलमध्ये फळं वाटायची, ही आपल्याकडची जुनीच रीत. आबासाहेब दरवर्षी वाटायचे. पण ज्या हॉस्पिटलात आपण स्वतः कैदी म्हणून, हृदयाचे पेशंट म्हणून पडलोय, तिथं यंदा तरी गप्प राहावं, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. उलट पांढरेशुभ्र कपडे घालून ते तयारच बसले होते.

"आबासाहेब, केळी तुमची माणसं वाटतील. तुम्ही झोपून राहा," मोमीन म्हणाले.

"मोमीन, इतक्या वर्षांत खंड पडला नाही. पेशंटांनी काय म्हणायचं? आबासाहेब आले नाहीत म्हणून?" आणि ते खोलीबाहेर पडलेसुद्धा.

मी अडवायला पुढं झाले आणि थांबले. बरोबर पेपरचा फोटोग्राफर होता. दुसऱ्या दिवशी आबासाहेबांच्या जामिनाची तारीख होती. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा मनुष्य आपल्या पायांनी हॉस्पिटलभर हिंडतोय, हे उद्या पेपरात छापून येऊ दे. कोर्टाला दिसू दे. हा जेलमध्ये गेला की नामदेवला कॉट मिळाली.

मग काय, मीच पुढं झाले. "या आबासाहेब, इकडून या." पुरुष वॉर्ड झाला, स्त्रियांचा झाला. एक हात केळ्यावर, एक नजर कॅमेऱ्यावर. एका म्हातारीला घशाचं ऑपरेशन झालेलं, नळीतून दूध चाललेलं, तिच्याही हातात केळं. खालचा मजला आटपला तेव्हा ते परत वळायला लागले.

"वरचा मजला राहिला, आबासाहेब," मी म्हटलं. "बाळंतिणी आहेत. केव्हाच्या वाट बघतायत."

"असं? मग जायलाच हवं," ते म्हणाले आणि जिना चढले. कठड्याला हातसुद्धा न लावता. मागोमाग मी, आणि माझ्यामागं धापा टाकत मोमीन.

खाली येताना ड्रेसिंगच्या खोलीचं दार उघडं होतं. आत नामदेव स्टुलावर बसला होता, पट्टी सोडलेली, पाय ट्रेवर. सुलभालाही त्या गडबडीत कुणी अडवलं नव्हतं, ती त्याच्याजवळ उभी होती. आबासाहेब दारात थबकले. मग फोटोग्राफरकडं बघून आत गेले.

आणि नामदेव उठून उभा राहिला. चेअरमन आले की उभं राहायची सवय. मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत तो त्या कुजलेल्या पायावर सगळा भार देऊन, हात जोडून उभा होता.

"आबासाहेब, वाढदिवसाच्या शुभेच्छा."

"नामदेव, काळजी करू नकोस. सगळं ठीक होईल. आपल्या माणसाला मी वाऱ्यावर सोडत नसतो," आबासाहेब म्हणाले आणि त्याच्या ओंजळीत दोन केळी ठेवली. शुगरच्या पेशंटला. फोटो निघाला. सुलभा खाली वाकून त्यांच्या पाया पडली. ट्रेच्या शेजारी फरशीवर नामदेवच्या पायाचा ओला ठसा उमटला होता, आणि आबासाहेबांनी तो चुकवून पाऊल टाकलं.

ते गेल्यावर मी नामदेवला इतकी बोलले की विचारू नका. "उभं राहायची काय गरज होती? कोण लागतो तो तुझा?"

"त्यांचं मीठ खाल्लंय, सिस्टर," तो म्हणाला.

"आणि तू आत का आहेस मग? त्या मिठापायीच ना?"

तो नुसता हसला. मला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. 'आजारपणातही रुग्णसेवेचा वसा', असा मथळा. मला हसू आवरेना. म्हटलं, छापा, अजून मोठा छापा. मी सकाळीच त्या दुसऱ्या कॉटवरची शहाळी उचलून व्हरांड्यात ठेवली, चादर बदलली, उशीला नवा अभ्रा घातला. सुलभाला जाऊन सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत कॉट मिळेल.

दुपारी मोमीन कोर्टातून परत आले. एकटेच.

"गेले का जेलमध्ये?" मी विचारलं.

"कुठलं जेल? जामीन झाला. तब्येतीच्या कारणावरून. कोर्टातूनच गाडीत बसून गेले."

मी स्टुलावर बसले. "आणि फोटो? सरकारी वकिलांनी दाखवला नाही?"

"त्यांच्या आधी आबासाहेबांच्या वकिलानंच दाखवला. म्हणाला, बघा साहेब, समाजात केवढा मान आहे. असा माणूस पळून कुठं जाईल?"

"मग?"

"मग सरकारी वकील म्हणाले, माणूस जिना चढतोय, तर आजारी कसला? तर त्यानं दुसरा कागद काढला. काल जिना चढल्यामुळं प्रकृती ढासळली, मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे, असं आपल्या आठल्ये डॉक्टरांचं सर्टिफिकेट."

"म्हणजे तोच जिना चांगल्या माणसाचा, आणि तोच आजारी माणसाचा?"

"वकील हुशार आहे."

"आणि कोर्टानं ऐकून घेतलं?"

"कोर्ट काय करणार, सिस्टर? डॉक्टरनं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंय. कोर्ट काय नाडी बघत बसणार आहे? जिना चढायला कुणी सांगितलं, असं विचारलं नाही, ते तुमचं नशीब समजा."

मला असं वाटलं की भिंतीवर डोकं आपटावं. पण मोमीनच पुढं म्हणाले, "ते जाऊ द्या. खोली मोकळी झाली, आम्हीपण मोकळे झालो. तुमच्या त्या माणसाला ॲडमिट करायचं ना? करा."

हेही खरंच होतं. न्याय झाला नाही, पण कॉट तरी झाली. मी पळत जाऊन सर्जन मॅडमना सांगितलं, जेलला फोन लावायला लावला, आणि नामदेवला त्या नव्या चादरीवर आणून झोपवलं. मॅडमनी पट्टी सोडून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सिस्टर, मी तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. मला सांगून काय उपयोग? मीच तर घसा फोडून सगळ्यांना सांगत होते. पण त्या तरी कुणावर चिडणार?

नामदेवचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सुलभा रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "सायकल विकून टाकू का मग?" जामीन त्यालाही मंजूर झाला होता, पण त्याच्यासाठी जामीनदार म्हणून उभं राहायला गावात एक माणूस मिळेना. सुलभा तोडकर गुरुजींच्या दारात जाऊन आली. त्यांनी दार उघडलं नाही.

इकडं तो फोटो पुण्याच्या कुठल्याशा पेपरनं उचलला. त्यांचा मथळा वेगळा होता. 'आरोपी की पाहुणा?' असा. मग वरच्यांची झोप उडाली. कैदी हॉस्पिटलभर हिंडतोच कसा, त्याला भेटायला माणसं जातातच कशी, पहारेकरी काय करत होते? चौकशी बसली. मला नोटीस आली, मोमीनना आली, डॉ. आठल्यांना तेवढी आली नाही. आणि चौकशीचा निकाल लागायच्या आत एक हुकूम निघाला. यापुढं कैद्यांच्या खोलीत कडक शिस्त. नातेवाइकांना बंदी. फळं बंद, बाहेरचा डबा बंद. सुलभा पुन्हा पायरीवर जाऊन बसली.

नामदेवच्या ऑपरेशनला थोडेच दिवस झाले होते. मी त्याचं ड्रेसिंग आटपून ट्रे उचलत होते तेव्हा मोमीन आत आले. हातात बेडी होती. ते कॉटच्या पायथ्याशी उभे राहिले, पांघरुणाचं टोक उचललं आणि तसेच थांबले.

"सिस्टर," ते खालच्या आवाजात म्हणाले, "कुठल्या पायाला लावू?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझ्या हातातला ट्रे खाली आदळला.

"मोमीन, डोळे आहेत ना तुम्हाला? हा पळून जाणार आहे? कसा जाईल, सांगा तरी मला."

"लेखी हुकूम आहे. प्रत्येक कैद्याला कॉटला बांधायचं. आज साहेब बघायला येणार आहेत."

"आणि आबासाहेबांना का नाही लावली?"

"तेव्हा हुकूम नव्हता."

मी काय-काय बोलले ते आता आठवत नाही. साहेबांना बोलले, कोर्टाला बोलले, डॉक्टरांना बोलले, मोमीनच्या घरादारालाही बोलले असेन. बाहेर वॉर्डातले पेशंट उठून बघायला लागले. मोमीन मान खाली घालून ऐकत राहिले. बेडी त्यांच्या हातातच होती.

"लावा की, हवालदारसाहेब," नामदेव म्हणाला. "माझ्यापायी तुमची नोकरी कशाला घालवता? आधीच नोटीस आलीय तुम्हाला." त्यानं स्वतःच पांघरूण बाजूला केलं आणि चांगला पाय पुढं केला.

मोमीननी बेडी लावली. जेलमध्ये राहून त्या पायाची काडी झाली होती. कडं घोट्यावरून घसरून खाली यायला लागलं, याहून लहान कडं त्यांच्याकडं नव्हतं, आणि साहेबांची गाडी तर आवारात आलेली. साहेब खोलीत येऊन सगळीकडं बघून परत जाईपर्यंत नामदेवनं ते कडं स्वतःच्या हातानं घोट्याशी धरून ठेवलं.